खूण मोडणारी बाई

चाकणच्या पुढं, कारखान्यांच्या निळ्या पत्र्यांच्या पाठीमागं वाघजाईचा डोंगर आहे. डोंगर आपलं म्हणायचं. टेकडीपेक्षा जरा थोराड, एवढंच. त्याच्या निम्म्यावर पायवाटेला फाटा फुटतो. तिथं गुरुवारी सकाळी एक बाई दगडावर एकटीच बसलेली दिसते. पायात बूट, पदर कमरेला खोचलेला, पाठीवर सॅक. बरोबरची माणसं केव्हाच वर गेलेली असतात आणि ही मात्र आल्या वाटेकडं पाठ करून, खालच्या शेडकडं बघत बसलेली. नवख्याला वाटावं, थकली बिचारी. ती थकलेली नसते. ती राखण करत असते.

तिचं नाव कस्तुरा.

कस्तुरा मूळची जुन्नरकडची. लग्न होऊन आली ती संत तुकाराम नगरच्या दोन खोल्यांत, आणि तिथंच राहिली. नवरा फाउंड्रीत होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा मुलगा संघर्ष अजून शाळेत होता. मग कस्तुरा एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला लागली. पहिल्या शिफ्टच्या चपात्या, दुसऱ्या शिफ्टच्या चपात्या, सणाला पुऱ्या. सगळी शिफ्ट जेवून गेली की मग हिचं ताट. घरी आलं की आधी पोराचं, मग सासूचं, मग उरलंसुरलं हिचं. शेवटी जेवायची तिला इतकी सवय लागली, की लग्नकार्यात कुणी हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं तर घास घशाखाली उतरायचा नाही. तिची काही तक्रार नव्हती. सकाळी उठायचं, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची, त्रिसरण म्हणायचं आणि पदर खोचायचा. वाट्याला आलेलं काम नीट करावं, एवढाच तिचा धर्म.

कँटीनचं काम सुटलं आणि वर्षभरात तिला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एकटीनं चालायची लाज वाटायची, म्हणून तिनं समोरच्या यशोदाबाईला बरोबर घेतलं.

यशोदाबाई बीडकडची. कस्तुरापेक्षा वयानं मोठी, अंगानं भरलेली, तोंडानं मोकळी. नवरा रंगराव कंपनीतून निवृत्त झालेला आणि घरातल्या घरात मुकादमकी करणारा. यशोदाबाईच्या देव्हाऱ्यात विठ्ठल होता, रेणुका होती, आणखी कोण कोण होतं. कस्तुरा तिला अक्का म्हणायची. यशोदाबाईच्या घरच्या पुरणपोळीचं पहिलं ताट कस्तुराकडं यायचं आणि कस्तुराच्या घरची चौदा एप्रिलची खीर यशोदाबाईकडं जायची. दोघींनी कधी एकमेकींच्या देवाधर्माची विचारपूस केली नाही. भांडण झालंच तर ते धुण्याच्या दोरीवरून.

या दोघींना डोंगराची वाट दाखवली बबनरावांनी. ते खालच्या मजल्यावर राहायचे. एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सला हयात गेलेली, स्वभावानं मवाळ, बाईमाणसाशी बोलताना नजर चपलेकडं. त्यांनी आणि ज्ञानेश नावाच्या चाकणच्या कंपनीत काम करणाऱ्या तरुणानं मिळून एक घोळका जमवला होता. दर गुरुवारी सकाळी निघायचं, एखादा डोंगर, तळं, देवराई पायी फिरायची, पक्षी बघायचे, झाडं ओळखायची, दुपारपर्यंत परत. गुरुवार अशासाठी, की इकडच्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. बाकीच्या जगाचा रविवार तो या माणसांचा गुरुवार.

यशोदाबाईनं आधी टर उडवली. म्हणाली, "आमच्या गावाकडं डोंगरात शेळ्यांमागं फिरून फिरून पायाचे तुकडे पडले, आता हौसेनं जायाचं व्हय?" पण गेली. कस्तुराही गेली. आणि गेली ती अडकलीच. इतकी वर्षं गच्चीवर पापड वाळवताना जे डोंगर तिला दिसायचे, त्यांना नावं असतात, त्यांच्या अंगावर वाटा असतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. पळस कसा पेटतो, सावरीच्या बोंडातून कापूस कसा उडतो, हे बघायला ती गुरुवारची वाट बघायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठंतरी नुसती जात होती. कुणाला वाढायला नाही, कुणाचं उरकायला नाही.

आता त्या घोळक्याची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच घडलं.

ज्ञानेश सगळ्यांत पुढं चालायचा. जिथं वाटेला फाटा फुटेल तिथं तो तीन दगड रचायचा आणि ज्या वाटेनं जायचं तिकडं टोक करून एक काडी ठेवायचा. मागून रमतगमत येणाऱ्यांनी ती खूण बघायची आणि निर्धास्त पुढं जायचं. सगळ्यांत शेवटी बबनराव. ते फाट्यावर आले की खूण मोडायची. दगड पायानं विस्कटायचे, काडी फेकून द्यायची. डोंगर जसा होता तसा ठेवून जायचं, उद्या दुसऱ्या कुणाची आपल्या खुणेनं फसगत व्हायला नको, असं ते म्हणायचे. खूण मोडली याचा अर्थ, आता मागं कुणी नाही. कस्तुराला ही रीत फार आवडायची. पंगत उठल्यावर शेवटची पत्रावळ उचलावी तसं तिला ते वाटायचं.

रीत चांगली होती. तिच्यात एकच भोक होतं आणि ते कुणाला दिसलं नव्हतं. शेवटचा माणूस पुरुष होता.

घोळक्यात बायका निम्म्याच्या वर. डोंगरात तास दोन तास चाललं की बाईमाणसाला आडोशाला जावं लागतं. त्यातून वय झालेलं, साखर असलेली. पण बबनरावांना हे सांगणार कोण, आणि कोणत्या तोंडानं? बबनरावही मर्यादेचे. एखादी बाई झुडपाकडं वळलेली दिसली की ते मान फिरवायचे, बूट बांधायचं निमित्त करायचे, पण "कोण राहिलं" असं कधी विचारायचे नाहीत. विचारणं त्यांना असभ्यपणाचं वाटायचं आणि सांगणं बायकांना. सगळं असं डोळ्याआडच्या समजुतीवर चाललं होतं, आणि बरीच वर्षं निभावलंही होतं.

फाल्गुनातला तो गुरुवार. वाघजाईच्या डोंगरावर करवंदीच्या जाळ्यांतून वाट वळते, तिथं यशोदाबाईनं कस्तुराच्या दंडाला चिमटा काढला. कानाशी येऊन म्हणाली, "म्या जरा आडाला जाऊन येते. कुणाला सांगू नको बघ. तू हो पुढं, नाहीतर ते बाबा थांबतील इथंच." तिचा खांदा दुखायचा म्हणून तिचं पाणी आणि फोन कस्तुराच्या सॅकमध्ये होता. कस्तुरानं मान हलवली आणि ती हळूहळू पुढं झाली. मनात म्हणाली, फाट्यावर थांबू.

थोड्या वेळानं बबनरावांनी तिला गाठलं. एकटीच बघून त्यांनी सहज विचारलं, "यशोदावहिनी पुढं गेल्या वाटतं?"

खरं एका शब्दाचं काम होतं. मागं आहे, एवढं म्हणायचं. पण मागं आहे म्हटलं की ते वळून बघणार, थांबणार, आणि अक्का जाळीतून बाहेर येईल तेव्हा समोर हे उभे. अक्काचा शरमेनं जीव जाईल. कस्तुराच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. हो म्हणावा तर हो, नाही म्हणावा तर नाही, असा. बबनरावांनी तो हो समजला.

फाटा जवळच होता. कस्तुरा थांबणारच होती. पण वरच्या अंगाला सावरीचं झाड लाल फुलांनी लगडलेलं, आणि त्यावर भोरड्यांचा थवाच्या थवा उतरलेला. ज्ञानेश वरून दोन्ही हातांनी बोलावत होता, या, आवाज करू नका, लवकर या. सगळे पुढं सरकले. कस्तुराही चार पावलं गेली. एवढे गुलाबी-काळे पक्षी तिनं जन्मात बघितले नव्हते. थवा उठला, एकदम वळला, पुन्हा झाडावर बसला. ती माना वर करून उभ्या असलेल्या माणसांत मान वर करून उभी राहिली. तिच्या मागं, फाट्यावर, बबनरावांनी पायानं दगड विस्कटले. आवाज होऊ नये म्हणून अगदी हलक्या पायानं.

वर देवीच्या पटांगणात शिदोऱ्या सुटल्या तेव्हा कस्तुराच्या लक्षात आलं. यशोदाबाई दर खेपेला पोचल्या पोचल्या वाघजाईला हळदकुंकू वाहायची आणि कस्तुरा शेजारी हात जोडून उभी राहायची. देवीपुढं आज कुंकू नव्हतं. कस्तुरानं एकेकाचं तोंड बघितलं. तिनं सॅक खाली ठेवली. आत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, दोन्ही भरलेल्या, आणि अक्काचा फोन.

तिनं काही लपवलं नाही. सगळ्यांच्या देखत सांगितलं, की अक्का आडोशाला गेली होती, मला माहीत होतं, मी बोलले नाही. बायका खाली बघायला लागल्या. बबनरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

ज्ञानेश म्हणाला, "मावशी, घाबरू नका, इथल्या इथंच असतील." त्यानं माणसं वाटून दिली, एकट्यानं कुणी जायचं नाही असं बजावलं, खाली गावात फोन लावला. हाका सुरू झाल्या. डोंगरात हाक मारली की ती परत येते. प्रत्येक वेळी वाटायचं, अक्काच ओ देते आहे.

कस्तुरा आणि बबनराव फाट्यापर्यंत उतरले. ऊन आता डोक्यावर आलं होतं. विस्कटलेले दगड तिथंच पडले होते. बबनराव वाकले आणि दगड गोळा करायला लागले, जणू आता रचले तर उपयोग होईल. कस्तुरा म्हणाली, राहू द्या दादा.

मग ती करवंदीच्या जाळीपाशी जाऊन उभी राहिली आणि अक्कासारखी परत चालून आली. अक्का बाहेर आली असेल, साडी नीट केली असेल, फाट्यावर आली असेल. खूण शोधली असेल. उजवी वाट अरुंद, काट्यांची. डावी रुंद, मुरमाची. अक्काला साडीला काटा लागलेला खपत नाही. खूण नसेल तर अक्का रुंद वाटेनं जाणार.

डावी वाट खडीच्या खाणीकडं उतरत होती. एरवी तिथं मशीनची घरघर असते, डंपर असतात, माणसं असतात. पण त्या दिवशी गुरुवार. खाण बंद. ज्या सुट्टीमुळं ही माणसं डोंगरात आली होती, त्याच सुट्टीनं तिथलं माणूस न् माणूस घरी गेलं होतं. कस्तुरा घसरत, बसत, मुरमात हात रोवत उतरत होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, बुद्धं सरणं गच्छामि. एरवी सकाळी ते शब्द ओठांवरून सरळ ओघळायचे. आज प्रत्येक शब्द दगडासारखा उचलून ठेवावा लागत होता.

हाकेला ओ आली नाही. आधी तिला पुटपुटणं ऐकू आलं. खाणीच्या तोंडाशी, बंद मशीनच्या पट्ट्याच्या बोटभर सावलीत यशोदाबाई बसली होती आणि विठ्ठलाचं नाव घेत होती. उजवा पाय घोट्यापासून भलतीकडंच वळलेला. तोंड उन्हानं काळवंडलेलं, ओठ पांढरे.

"पाणी दे आधी," ती म्हणाली. प्यायली. पुन्हा प्यायली. मग म्हणाली, "लई हाका मारल्या गं. मग म्हटलं देवालाच माराव्या. माणसं काय ऐकत न्हाईत."

कस्तुरानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मागोमाग उतरलेले बबनराव जरा लांब, पाठमोरे उभे होते. यशोदाबाई थोडा वेळ डोळे मिटून पडली, आणि मग अगदी हळू, तक्रार नसल्यासारखी म्हणाली, "खूण नव्हती गं फाट्याला. म्या दोनदा बघितलं."

बबनरावांनी ते ऐकलं. त्यांची पाठ हलली, पण ते वळले नाहीत.

गावातून टेंपो आला, यशोदाबाईला दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, पायात धातूची पट्टी बसवली. जीव वाचला, एवढं खरं. उन्हात आणखी थोडा वेळ गेला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी कस्तुरा भाकरी-कालवण घेऊन समोरच्या दारात जायची. रंगराव दार उघडायचे, डबा घ्यायचे आणि काहीतरी बोलायचे. म्हणायचे, बायकांना घरातले जिने चढवत नाहीत आणि डोंगर कसले चढताय. एकदा तर म्हणाले, "कस्तुराबाई, तुमच्या भरवशावर पाठवली होती. तिच्या पाण्याची बाटली तुम्ही नीट परत आणलीत. तेवढं बरं केलंत." कस्तुरा खाली मान घालून आत गेली. तिनं यशोदाबाईचे केस विंचरले, पाय उशीवर ठेवला, भांडी घासली.

घोळका आपसूकच विस्कटला. बायकांना घरून नको म्हणायला लागले. ज्ञानेश दोन-चार जणांना घेऊन जायचा. बबनराव तर घराबाहेर पडेनात. जिन्यात कस्तुरा समोर आली की ते कडेला होऊन उभे राहायचे. कस्तुराही गेली नाही. गुरुवारी ती गच्चीवर जायची, डोंगर बघायची आणि खाली यायची. यशोदाबाई तिच्याशी पूर्वीसारखीच बोलायची, थट्टा करायची, सुनांच्या कागाळ्या सांगायची. फक्त डोंगराचा विषय काढायची नाही. कस्तुराला ते फार लागायचं. भांडली असती तरी चाललं असतं. अक्कानं पुन्हा आपल्या भरवशावर पाऊल टाकावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती मागायचा हक्क आपण घालवला आहे असं तिला वाटायचं.

पावसाळा सरता सरता यशोदाबाई काठी घेऊन चालायला लागली. उजवा पाय थोडा ओढायची. एका संध्याकाळी दोघी बागेत बाकावर बसलेल्या असताना ती आपणहून म्हणाली, "मला यावंसं वाटतं गं डोंगरात. म्हातारा न्हाई म्हणतो म्हणून जास्तच वाटतं." मग काठीच्या टोकानं माती उकरत राहिली. "पण माझं आडाला जाणं काय सुटणार हाय? आता तर जास्तच. दर खेपेला त्या बाप्याला सांगू, का तुझ्या कानात सांगू? आन् तू तरी कुणाकुणाला सांगशील?"

कस्तुरा त्या रात्री जेवली नाही. अक्कानं बोट नेमकं भोकावर ठेवलं होतं. दोष खुणेचा नव्हताच. बोलल्याशिवाय भागत नव्हतं आणि बोलवत नव्हतं, हीच तर गोम होती.

सकाळी मेणबत्ती लावताना तिला कँटीनमधलं कणीक मळायचं मोठं यंत्र आठवलं. यंत्राच्या पोटात हात घालून साफ करायचं असलं, की मेंटेनन्सचा माणूस येऊन बटणावर आपली लाल पट्टी अडकवायचा. ती पट्टी लटकते आहे तोवर कुणी बटणाला हात लावायचा नाही. सुपरवायझर असो नाहीतर खुद्द मॅनेजर. ज्यानं अडकवली त्यानंच काढायची. पट्टी का अडकवली, किती वेळ लागेल, कुणी विचारायचं नाही. एकदा सगळी शिफ्ट उपाशी खोळंबली होती, पण पट्टी कुणी काढली नव्हती.

ती तशीच खालच्या मजल्यावर गेली. बबनरावांनी दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे नजर खाली घातली. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. आडोशाला जाणाऱ्या बाईनं, बाई कशाला, कुणीही, आपला रुमाल नाहीतर ओढणी वाटेच्या कडेच्या झुडपाला अडकवायची. ती तिथं आहे तोवर शेवटच्या माणसानं फाट्याच्या पुढं जायचं नाही. खूण मोडायची नाही. जिचा तिनं काढायचा. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही.

बबनराव आत जाऊन खुर्चीवर बसले. म्हणाले, "आयुष्यभर ती पट्टी लावली मी, ताई. हजार वेळा लावली असेल. डोंगरात एकदाही आठवली नाही." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पट्टीला तोंड नसतं. म्हणून तर जीव तिच्या हवाली करता येतो."

कस्तुरानं त्यांना चला म्हटलं. ते म्हणाले, येईन, पण शेवटी नाही चालणार. शेवटी तुम्ही चाला. कस्तुरा म्हणाली, मला कसं जमेल, मी कोण. तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही हुंकारणार नाही आता. म्हणून तुम्हीच."

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी घोळका पुन्हा वाघजाईला निघाला. माणसं थोडी होती. बसथांब्यावर यशोदाबाईला सोडायला रंगराव आले होते. वाटभर ते कुरकुरतच आले असणार, कारण आल्यावरही कुरकुरत होते. बस आली तेव्हा त्यांनी खांद्यावरचा आपला लाल पंचा काढला, घडी घातली आणि यशोदाबाईकडं न देता कस्तुराच्या हातात ठेवला. "रुमाल कुठं दिसतोय लांबून," म्हणाले, आणि बस सुटायच्या आत पाठ फिरवून चालायला लागले.

डोंगरात यशोदाबाई हळू चालत होती. कस्तुरा तिच्या मागं, आणि कस्तुराच्या मागं कुणी नाही. शेवटी चालणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. पुढच्यांची बडबड हळूहळू विरत जाते. पानांचा आवाज मोठा होतो. आपण वळलो तर मागं नुसती वाट असते. जन्मभर ती शेवटी जेवली, शेवटी निजली, पण ते शेवटचेपण कुणी तिला विचारून दिलं नव्हतं. हे तिनं हात पुढं करून घेतलं होतं, आणि त्याचं वजन काही निराळंच होतं.

करवंदीच्या जाळ्या आल्या. तीच जागा. यशोदाबाई थांबली. कस्तुराकडं तिनं बघितलं नाही, हात मागं केला फक्त. कस्तुरानं पंचा दिला. यशोदाबाईनं तो वाटेकडच्या फांदीवर पसरून अडकवला, दोनदा ओढून बघितला आणि काठी टेकत आत गेली.

कस्तुरा पुढं फाट्यापर्यंत गेली. तिथून पंचा दिसत होता. ज्ञानेशनं रचलेले तीन दगड जागच्या जागी होते, काडी उजवीकडं टोक करून. ती शेजारच्या दगडावर वाटेकडं पाठ करून बसली. खाली शेडची छपरं चमकत होती. खाणीकडून आवाज नव्हता, गुरुवारच होता. वरून कुणीतरी तिला हाक मारली, मावशी या, घारीचं घरटं दिसतंय. ती उठली नाही. पुन्हा हाक आली. तिनं हात वर करून तुम्ही बघा असं खुणावलं.

वेळ गेला. अक्काला वेळ लागणारच होता, पाय तसा. तरी कस्तुराच्या मनात नको नको ते आलं. हाक मारावी का, जाऊन बघावं का. पण हाक मारली की पंच्याला अर्थ राहत नाही. तिनं एकदाच मान वळवून फांदीकडं बघितलं. पंचा होता. वाऱ्यानं थोडा हलत होता. ती पुन्हा पाठ करून बसली आणि त्रिसरण म्हणायला लागली. या वेळी शब्द उचलावे लागले नाहीत.

काठीचा आवाज आला तेव्हाही तिनं वळून बघितलं नाही. यशोदाबाई पंचा खांद्यावर टाकून आली. ती कस्तुराजवळ थांबली नाही. तशीच फाट्यापर्यंत गेली, वाकता येत नव्हतं म्हणून काठीवर भार देऊन, मान खाली घालून तिनं ते तीन दगड बघितले. काडी बघितली. काडीचं टोक कुठं आहे ते बघितलं. पाय ओढत बाजूला गेली आणि दुसऱ्यांदा बघितलं.

मग उजव्या वाटेला लागता लागता, मागं न बघता म्हणाली, "मोड आता."